जार्डिनच्या मागावर, बायकोसकट

दिवस शून्य, मुंबई

आमच्या घरात कोणी हट्टाला पेटलं की आजोबा म्हणायचे, "हा बघा, जार्डिन आला." मला बरीच वर्षं वाटायचं हा चाळीतला कोणीतरी जुना भांडखोर भाडेकरू असणार. आठवीत वगैरे गेल्यावर कळलं की हा इंग्लंडचा क्रिकेट कॅप्टन डग्लस जार्डिन, बॉडीलाइनवाला, म्हणजे बॅट्समनच्या अंगावर बॉल टाकायला लावणारा. आजोबांनी त्याला प्रत्यक्ष बघितलेलं. डिसेंबर १९३३, बॉम्बे जिमखाना, भारतात झालेली पहिलीच टेस्ट मॅच. आजोबा तेरा वर्षांचे, गिरगावातून चालत गेले, तिकिटाला पैसे नव्हते, बाहेरूनच माणसांच्या डोक्यांवरून जे दिसलं ते दिसलं. लाला अमरनाथनी दुसऱ्या डावात ११८ मारल्या, भारताच्या माणसाची टेस्टमधली पहिली सेंचुरी, सगळं मैदान वेडं झालं, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले म्हणतात. पण आजोबा गोष्ट सांगायला लागले की अमरनाथवरून घसरून दर वेळेला त्या उंच काडीसारख्या कॅप्टनवरच यायचे. "एवढा गोंधळ चाललाय आणि हा माणूस हललासुद्धा नाही रे."

मॅच इंग्लंडने नऊ विकेटनी जिंकली. ते आजोबा कधी सांगायचे नाहीत.

तर भाच्याने लंडनला बोलावलं तेव्हाच मी ठरवलं की आपण जार्डिनच्या मागे मागे फिरायचं. बायकोला मॅडम तुसाद आणि बकिंगहॅम पॅलेस पाहिजे होतं. तोडगा असा निघाला की एक अख्खा दिवस तिचा, बाकीचे जार्डिनचे. हा तोडगा मला वाटतो तेवढा न्याय्य नव्हता हे तिने नंतर बऱ्याच वेळा सांगितलं.

फ्लाइटच्या आदल्या दिवशी मुद्दाम मलबार हिलला जाऊन आलो. कारण हा माणूस जन्मला तिथे, २३ ऑक्टोबर १९००. वडील माल्कम जार्डिन मुंबईत बॅरिस्टर होते, पुढे ॲडव्होकेट जनरलपर्यंत पोचले. त्या वडिलांचा जन्मही सिमल्याचा, ते स्वतः ऑक्सफर्डकडून खेळलेले आणि १८९२ मध्ये केंब्रिजविरुद्ध १४० मारलेले. जार्डिनचे आजोबा अलाहाबाद हायकोर्टात जज्ज. म्हणजे रक्त स्कॉटिश, पण दोन पिढ्या इकडच्याच. हँगिंग गार्डनच्या आजूबाजूला तासभर फिरलो, कुठे पाटीबिटी असेल तर बघावी म्हणून, मला तरी नाही दिसली. एका वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला ह्या नावाचा कोणी बिल्डिंगमध्ये राहत नाही. जन्माने मुंबईकर आणि तोही मलबार हिलचा, आम्ही डोंबिवलीवाले काय बोलणार.

दिवस पहिला, सोमवार

पोचलो. हीथ्रोची लाइन, भाच्याची गाडी, हॅरोचं घर, वरणभात, झोप. भाच्याचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, मराठी समजतं पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं, आणि आल्या आल्या त्याने मला घरामागच्या गवतात बॅट हातात दिली. मी जेट लॅगचं कारण सांगून पळालो.

दिवस दुसरा, मंगळवार: लॉर्ड्स

सेंट जॉन्स वूड स्टेशनला उतरून चालत दहा मिनिटं. ग्रेस गेटपाशी मी जरा थांबलो, बायको म्हणाली "अहो, पंढरपूरला आल्यासारखं काय करताय." टूर घेतली. गाइड सत्तरीतले गृहस्थ, अतिशय सभ्य, प्रत्येक जोक आधी हजार वेळा मारलेला असणार तरी ताजा वाटायचा. म्युझियममध्ये ॲशेसचा, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सिरीजच्या मानाचा, कलश बघितला. मी आयुष्यभर टीव्हीवर बघून समजत होतो की असेल आपल्या तांब्याएवढा. छे, जेमतेम चार इंच! बायकोने काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाली "ह्याच्यासाठी मारामाऱ्या? कुंकवाचा करंडा मोठा असतो." शेजारच्या ऑस्ट्रेलियन जोडप्याला भाषांतर करून सांगायचा मोह झाला.

तिथेच एक पेंढा भरलेली चिमणी आहे. १९३६ मध्ये जहांगीर खानच्या बॉलने मेली, ती बॉलसकट ठेवलीय. इंग्लिश लोक काय जपून ठेवतील सांगता येत नाही.

मला मात्र बघायचं होतं ते मैदान, कारण भारताची पहिलीवहिली टेस्ट इथेच, २५ जून १९३२ ला सुरू झाली, आणि समोर कॅप्टन जार्डिनच होता. त्याचीही कॅप्टन म्हणून ती चौथीच. मोहम्मद निसार आणि अमर सिंगने सकाळी सकाळी इंग्लंडला तीन बाद १९ वर आणून ठेवलं. आता ही टीम म्हणजे सटक्लिफ, वूली, हॅमंड असली नावं, आणि आपली टीम पहिल्यांदा टेस्ट खेळणारी. तिथून जार्डिन उभा राहिला. ७९ आणि दुसऱ्या डावात नाबाद ८५. मॅच आपण १५८ रननी हरलो पण तो नसता तर काय झालं असतं कोणास ठाऊक. मैदानाला उतार आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ अडीच मीटर, टीव्हीवर अजिबात कळत नाही, तिथे उभं राहिलं की पाय बरोबर सांगतात.

ड्रेसिंग रूममधल्या बोर्डांवर सेंचुरीवाले आणि पाच विकेटवाले. आपला वेंगसरकर तीन वेळा आहे. आगरकरसुद्धा आहे, सचिन नाही, हे सगळ्यांना माहीत असतं तरी प्रत्येक मराठी माणूस बोर्डासमोर उभा राहून ते मोठ्याने बोलतोच, मीही बोललो. १९३२ च्या त्या मॅचमधला निसार आहे, ९३ रनमध्ये ५ विकेट. जार्डिन नाही. त्याची टेस्टमधली सेंचुरी एकुलती एक, तीही मँचेस्टरला.

गाइडला हळूच विचारलं, जार्डिनबद्दल इथल्या लोकांचं मत काय. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले "सर, त्याने ऑस्ट्रेलियात सिरीज ४-१ ने जिंकली." आणि पुढच्या खोलीकडे निघाले. विषय संपला. आपल्याकडे घरातल्या एखाद्या काकाबद्दल विचारलं की "त्याने फ्लॅट घेऊन दिला होता हो सगळ्यांना" एवढंच सांगतात आणि चहा आणायला आत जातात, तसं.

दिवस तिसरा, बुधवार

हा बायकोचा. पॅलेस, तुसाद, बिग बेन, पाय गेले कामातून. फक्त संध्याकाळी पिकॅडिलीला मी थोडी चिटिंग केली. तिथे सर्कसपासून जवळच एक जुनं भलंमोठं दगडी खांबांचं हॉटेल आहे, पूर्वी पिकॅडिली हॉटेल म्हणायचे, आता नाव बदललंय. ऑगस्ट १९३२ मध्ये ह्याच्या ग्रिल रूममध्ये जार्डिनने नॉटिंगहॅमशरचा कॅप्टन आर्थर कार आणि त्याचे दोन फास्ट बोलर हॅरल्ड लारवूड आणि बिल व्होस ह्यांना जेवायला नेलं. प्रश्न एकच, ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचं काय करायचं. १९३० मध्ये ब्रॅडमनने इंग्लंडमध्ये पाच टेस्टमध्ये ९७४ मारलेल्या, सरासरी १३९. म्हणजे माणूस आउटच होत नव्हता. ओव्हलला पाऊस पडून गेल्यावर लारवूडचे उसळते बॉल तो जरा चुकवत होता, ते फिल्मवर बघून जार्डिनच्या डोक्यात दिवा लागला. जेवताना त्याने लारवूडला विचारलं की लेग स्टंपवर सतत, अंगावर येईल असा टाकता येईल का, आणि लेगला फिल्डरांचं कोंडाळं लावायचं. लारवूड म्हणाला येईल.

मी हे सगळं फुटपाथवर उभं राहून बायकोला सांगतोय, बाजूने डबल डेकर जातायत, ती म्हणाली, "म्हणजे जेवायच्या टेबलावर ठरलं की एका माणसाला बॉल मारायचा?" मी म्हटलं तसं नाही गं, थिअरी होती ती. ती म्हणाली "हो, थिअरी."

आत जाऊन कॉफी प्यायचा विचार होता. दारातल्या मेनूवरचे आकडे बघून समोर सँडविच खाल्लं.

दिवस चौथा, गुरुवार: विंचेस्टर

वॉटर्लूहून तासभर. सुंदर टुमदार गाव, कॅथीड्रल, नदीत बदकं, आणि जार्डिनची शाळा विंचेस्टर कॉलेज, १३८२ सालची. तेराशे ब्याऐंशी! आपल्याकडे बहामनी राज्य चालू होतं. तिथेही टूर असते, आमच्याबरोबर चार अमेरिकन आणि एक रिटायर्ड शिक्षिका.

ह्या शाळेचं ब्रीदवाक्य काय असावं? 'मॅनर्स मेकिथ मॅन'. माणसाचे संस्कार, वागणूक हीच माणूस घडवते. ज्या माणसाला अख्खी ऑस्ट्रेलिया असभ्य म्हणत होती तो ह्या पाटीखालून रोज जायचा. पुढे ऑक्सफर्डला न्यू कॉलेजला गेला तर तेही विंचेस्टर काढणाऱ्या बिशपनेच काढलेलं, तिथेही तेच ब्रीदवाक्य. म्हणजे दोनदा शिकवलं.

जार्डिन इथे १९१४ ते १९१९, महायुद्धाच्या बरोबर मधोमध. कॉलेजात वॉर क्लॉइस्टर म्हणून एक चौकोनी ओवरी आहे, भिंतींवर युद्धात मेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं, संपतच नाहीत. पुढच्या वर्गातली मुलं शाळा सोडून जायची आणि काही महिन्यांनी नाव यायचं. तो त्याच वयाचा, आणखी वर्षभर युद्ध चाललं असतं तर हाही गेला असता. तेव्हा खाण्याचे हाल, थंडी, शिस्त कडक. मला उगाच आपली लॉर्ड्सची हिरवळ आणि टाय घातलेली माणसं डोळ्यासमोर होती, ह्या भिंतीने जरा गप्प केलं. १९१९ मध्ये तो कॅप्टन झाला आणि विंचेस्टरने ईटनला बारा वर्षांनी हरवलं, त्या सीझनला त्याच्या ९९७ रन. त्याचे शाळेतले कोच रॉकली विल्सन, तेही इंग्लंडकडून खेळलेले. पुढे हा ऑस्ट्रेलियाला निघणार म्हटल्यावर ते म्हणाले म्हणे की ॲशेस जिंकून आणेल बहुतेक, पण एखादी वसाहत घालवून बसेल.

आता त्या टूरमधली खरी मजा. स्वयंपाकघराच्या बाहेर भिंतीवर एक जुनं चित्र आहे, 'ट्रस्टी सर्व्हंट', विश्वासू नोकर. अंगावर छान कपडे, पण तोंड डुकराचं, म्हणजे काहीही वाढलं तरी खाईल. त्या तोंडाला कुलूप, म्हणजे घरातली गोष्ट बाहेर जाणार नाही. कान गाढवाचे, मालक ओरडला तरी ऐकून घेईल. पाय हरणाचे, निरोप पळत नेईल. एका हातात झाडू, फावडं असली सगळी अवजारं, दुसरा हात उघडा, म्हणजे प्रामाणिक. गाइडबाई एकेक समजावून सांगत होत्या, अमेरिकन लोक फोटो काढत होते, आणि माझी बायको मराठीत, मोठ्याने: "ह्यात नवीन काय आहे, हे तर सुनेचं चित्र आहे."

मी हसलो, पण मला लारवूड आठवला. खाणीत काम केलेला पोरगा, नॉटिंगहॅमकडचा. तेव्हा इंग्लंडच्या टीममध्ये दोन जाती, अमॅच्युअर म्हणजे साहेब लोक आणि प्रोफेशनल म्हणजे पगारी. लॉर्ड्सला मैदानात उतरायचे दरवाजेसुद्धा वेगळे. लारवूडने कॅप्टनने सांगितलं तसं टाकलं. त्या सिरीजमध्ये ३३ विकेट, शेवटच्या टेस्टमध्ये नाइट वॉचमन म्हणून बॅटिंगला येऊन ९८ रन, आणि त्याच मॅचला पायाचं हाड मोडलं. घरी आल्यावर वर्षभरात वारं फिरलं, त्याला सांगितलं माफीवर सही कर. तो म्हणाला माफी कशाची, मी कॅप्टनचं ऐकलं. इंग्लंडकडून परत कधीच खेळला नाही. १९५० मध्ये बायकापोरांसकट राहायला कुठे गेला? ऑस्ट्रेलियात! आणि त्यांनी घेतलं त्याला.

जार्डिनने त्याला चांदीचा ॲशट्रे दिलेला, वर कोरलेलं: 'हॅरल्डला, ॲशेसबद्दल, १९३२-३३, कृतज्ञ कॅप्टनकडून'. ह्या माणसाच्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त आवडणारी वस्तू ही. कलशापेक्षासुद्धा.

दिवस पाचवा, शुक्रवार: ऑक्सफर्ड

न्यू कॉलेज बघितलं, बागेत शहराची जुनी तटबंदी आहे ती भारी. इथे हा १९१९ ला आला आणि १९२३ ला इतिहासात चौथ्या वर्गात पास झाला. चौथा वर्ग म्हणजे नापास होता होता वाचला. बायकोला हा माणूस पहिल्यांदा आवडला असेल तर ह्या मुद्द्यावर.

मग युनिव्हर्सिटी पार्क्स. झाडांनी वेढलेलं ग्राउंड, तिकीट नाही, कुंपण नाही, पोरांची कुठलीतरी मॅच चालू होती, आम्ही बाकावर बसून थेपले खाल्ले. १९२१ मध्ये आर्मस्ट्राँगची ऑस्ट्रेलिया, जिने सगळ्या इंग्लंडला धुतलं होतं, ती ऑक्सफर्डला खेळायला आली. जार्डिनने तिच्याविरुद्ध नाबाद ९६ काढल्या आणि मॅच संपली, कारण तीन दिवसांची मॅच त्यांनी दोन दिवसांची करून घेतली होती. चार रन राहिल्या. लोक म्हणतात ऑस्ट्रेलियाचा राग तिथून. मला नाही पटत, चार रनसाठी कोणी अकरा वर्षं राग धरत नाही. अर्थात आमच्या सोसायटीत पार्किंगवरून वीस वर्षं न बोलणारे लोक आहेत.

माझ्या मते राग १९२८-२९ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातला. हा गडी ऑक्सफर्डची हार्लेक्विन कॅप घालून खेळायचा, रंगीबेरंगी फाकांची, सर्कशीतल्यासारखी. सिडनीच्या मैदानातल्या हिल नावाच्या उतारावरचे लोक बियर पिऊन बसलेले, त्यांना काय, आयतं गिऱ्हाईक. पुढे एकदा हा माशी हाकलायला लागला तर ओरडले, "आमच्या माश्यांना हात लावू नकोस!" हा जेवढा ताठ तेवढे ते चेकाळणार. कॅप बदलली असती तर निम्मं शांत झालं असतं. नाही बदलली. आजोबांच्या भाषेत, जार्डिन आला.

आणि गंमत बघा, १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला ब्रॅडमनवर हे शस्त्र पहिल्यांदा वापरलं तेव्हा जार्डिन मैदानावर नव्हताच, मासे पकडायला गेला होता. बॉब वायट कॅप्टन होता.

मग जानेवारीत ॲडलेड. लारवूडचा बॉल ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन वूडफुलच्या छातीवर, हृदयापाशी बसला, तो बॅट टाकून वाकला, प्रेक्षक पेटलेले, आणि जार्डिन म्हणतो "वेल बोल्ड, हॅरल्ड." ब्रॅडमन दुसऱ्या एंडला उभा होता, त्याला ऐकू जावं म्हणून. लारवूडच्या पुढच्याच ओव्हरला लेगला कोंडाळं लावलं. नंतर इंग्लंडचे मॅनेजर वॉर्नर ड्रेसिंग रूममध्ये विचारपूस करायला गेले तर वूडफुल म्हणाला मैदानावर दोन टीम आहेत, त्यातली एकच क्रिकेट खेळतेय. त्यांचा विकेटकीपर ओल्डफिल्डची कवटी फुटली त्याच मॅचमध्ये, तो बॉल बॉडीलाइनचा नव्हता खरं तर, पण तेव्हा कोण ऐकतंय. ऑस्ट्रेलियन बोर्डाने तार केली की हे खिलाडूपणाचं नाही, जार्डिन म्हणाला शब्द मागे घ्या नाहीतर चौथी टेस्ट खेळत नाही. त्यांना घ्यावे लागले. ब्रॅडमनची सरासरी त्या सिरीजला ५६. आपल्याला चालेल, त्याच्यासाठी निम्मी.

आपला थोरला पतौडी होता इंग्लंडच्या त्या टीममध्ये. सिडनीला पहिल्याच टेस्टमध्ये १०२ मारल्या, पण लेगच्या कोंडाळ्यात उभं राहायला नाही म्हणाला. जार्डिन म्हणाला, नवाबसाहेबांना तत्त्वं आहेत वाटतं. दुसऱ्या टेस्टनंतर पतौडी बाहेर.

बायकोने इथे थेपल्याचा डबा बंद केला. "तुम्ही ह्या माणसाच्या मागे एवढे पैसे घालून का फिरताय मला खरंच कळत नाही."

मी म्हटलं १९३३ चं ऐक. वेस्ट इंडीज इंग्लंडमध्ये आली, मँचेस्टरला कॉन्स्टंटाइन आणि मार्टिनडेलने सेम टू सेम बॉडीलाइन ह्याच्याच अंगावर टाकली. जवळजवळ पाच तास उभा राहिला, अंगावर घेतले, तक्रार नाही, १२७. तीच ती एकुलती सेंचुरी. दुसऱ्याला दिलं ते स्वतः घेतलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "हे आधी सांगायचं."

दिवस सहावा, शनिवार: ट्रेनमध्ये

किंग्ज क्रॉस ते एडिंबरा, साडेचार तास. उजव्या बाजूला बसा, न्यूकॅसलनंतर समुद्र दिसतो. आम्ही डावीकडे होतो, सीट बुक करताना माझी चूक.

उरलेलं आयुष्य बायकोला ट्रेनमध्ये सांगितलं, कारण त्याच्या जागा आमच्या बजेटात बसत नव्हत्या. भारताच्या दौऱ्यावरून परतायच्या सुमारास, मार्च १९३४ मध्ये, त्याने जाहीर करून टाकलं की ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळायची माझी इच्छाही नाही आणि विचारही नाही. तेहतीस वर्षांचा होता. २२ टेस्ट, १२९६ रन, सरासरी ४८, कॅप्टन म्हणून १५ पैकी ९ जिंकल्या आणि फक्त एक हरला, मेलबर्नची. असा कॅप्टन आज सोडेल का कोणी? पण इंग्लंडचं क्रिकेट चालवणाऱ्या एमसीसीलाही तो नकोच झाला होता, ऑस्ट्रेलिया १९३४ ला येणार होती, सगळ्यांना सगळं विसरायचं होतं. बॉडीलाइन टाकणं १९३५ च्या सुमारास नियमातच बसेना.

मग लग्न. मग नोकरीची वणवण. शिक्षणाने सॉलिसिटर पण वकिलीत मन नाही, बँकेत कारकुनी केलेली, पेपरात क्रिकेटवर लिहिलं, ब्रिज खेळून पैसे मिळवले. बायको म्हणाली "पत्ते?" हो, पत्ते.

१९३९ मध्ये युद्ध आलं तर हा अडतीस वर्षांचा माणूस टेरिटोरियल आर्मीत, रॉयल बर्कशर रेजिमेंटमध्ये ऑफिसर. फ्रान्सला गेला, डंकर्कहून कसाबसा सुटला. नंतर त्याला कुठे पाठवलं? क्वेट्टा आणि मग सिमला! वडील जन्मले त्याच सिमल्यात हा मेजर म्हणून रसद खात्यात, धान्य-सामानाचा हिशेब बघत बसला युद्ध संपेपर्यंत. हिंदुस्तानी उत्तम बोलायचा म्हणे. म्हणजे नवव्या वर्षी सोडलेली भाषा चाळिशीत परत आली. मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, का ते नीट सांगता येत नाही. मुंबईत आयांच्या कडेवर ऐकलेली असणार ना ती.

युद्धानंतर कागद बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत, विगिन्स टीपमध्ये, कंपनी सेक्रेटरी. नंतर ऑस्ट्रेलियात जमिनी असलेल्या कंपनीच्या बोर्डावर, आणि त्या कामासाठी १९५३ मध्ये परत ऑस्ट्रेलियाला गेला. वीस वर्षांनी. ज्या देशात ह्याला शिव्या घालायला हजारो माणसं तिकीट काढून यायची तिथे आता लोक हात मिळवत होते, जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी जेवायला बोलावलं. त्याच वर्षी इंग्लंडात अंपायरांची संघटना निघाली, पहिला अध्यक्ष हाच. अंपायरांचा! आयुष्य कधीकधी खरंच टवाळ असतं. मग ऱ्होडेशियात जमीन होती ती बघायला मुलीबरोबर गेला, तिथे गोचीड चावून ताप आला, तो हटेना, तपासण्या केल्या तर फुप्फुसाचा कॅन्सर. १८ जून १९५८ ला स्वित्झर्लंडला माँट्रोमध्ये गेला. वय ५७. राख पर्थशरमध्ये क्रॉस क्रेग्ज नावाच्या डोंगरावर उधळली. तिकडे जायचं माझ्या मनात होतं पण बायकोने नकाशा बघितला, स्वतःचे गुडघे बघितले, आणि विषय संपला.

दिवस सातवा, रविवार: सेंट अँड्र्यूज

लाल फोर्थ ब्रिजवरून ट्रेन जाते तेव्हा डब्यातले सगळे उभे राहतात, आम्हीही राहिलो. लूकर्सला उतरून बस, ती डोळ्यासमोरून गेली, रविवार असल्याने पुढचीला वेळ. वाऱ्यात उभे. मे संपत आलाय आणि मी दोन स्वेटर घातलेत.

सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फची काशी. ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो, लोक कुत्री घेऊन फिरतात, कोणीही जा. त्या दगडी पुलावर फोटोसाठी लाइन होती, बायकोने काढून घेतला, "हा पूल कशासाठी फेमस आहे ते विचारू नका, पण माझ्या भिशीतल्या बायकांना दाखवायला बरा." पडलेलं कॅथीड्रल, नुसत्या भिंती आणि आकाश. मग वेस्ट सँड्स, लांबच लांब वाळू, पाणी शिसाच्या रंगाचं.

१९१० च्या आसपास, नऊ वर्षांच्या जार्डिनला आईवडिलांनी मुंबईच्या बंदरातून बोटीवर बसवून इथे मावशीकडे पाठवलं. तेव्हाची साहेब लोकांची पद्धतच तशी, मुलं हिंदुस्तानात वाढवायची नाहीत. पुढे बोर्डिंग, मग विंचेस्टर. मी पूर्ण प्रवासभर ऑस्ट्रेलिया, लारवूड, सरासरी करत होतो, पण त्या वाळूवर बायको म्हणाली, "नऊ वर्षांचा म्हणजे तिसरी-चौथीतला. आपला दोडका हॅरोला आहे तेवढा." आणि चालत पुढे गेली. मलबार हिलवरून दिसणारा समुद्र आणि हा समुद्र, एकच शब्द वापरतो आपण दोन्हीला.

मी जार्डिनची बाजू घेत नाहीये. वूडफुलच्या छातीवर बॉल लागल्यावर "वेल बोल्ड" म्हणणं घाणच होतं, त्याला दुसरा शब्द नाही. पण आजोबा म्हणायचे तो हललासुद्धा नाही, तर न हलायचं तो शिकला कुठे असेल ह्याचा मला तिथे थोडा अंदाज आला.

दुकानातून चिरंजीवांसाठी एक टोपी घेतली, साधी निळी.

दिवस आठवा, सोमवार

परत हॅरो. चहा होतोय तोवर पोराने टोपी घातली आणि मला मागे गवतात ओढत नेलंच. टेनिस बॉल, प्लॅस्टिकचा स्टंप, उजेड साडेनऊपर्यंत असतो त्यामुळे सुटका नाही. दोन सरळ टाकले, ते मी बरे खेळलो, जरा फुशारकीने खिडकीकडे बघितलं. तिसरा त्याने आपटला. उसळून बरोबर छातीवर बसला, टेनिसचा असला तरी ह्या वयात लागतो हो. मी बॅट टाकून वाकलो. खिडकीतून बायको ओरडली "अहो, लागलं का?"

मी श्वास घेतला आणि म्हटलं, "वेल बोल्ड, हॅरल्ड."

पोरगं बॉल उचलून परत रनअपला निघालं होतं, तिथून वळून म्हणालं, "आजोबा, माझं नाव हॅरल्ड नाहीये." चक्क मराठीत.